वाईन लावून चालणाऱ्या मुंग्या

आमचे कॅम्पबॉस मुंग्यांच्या खेळात कधीच जिंकले नाहीत. खेळ लॅपटॉपवरचा. जमिनीखाली वारूळ, आत राणी, तिच्याभोवती कामकरी मुंग्या आणि थोड्या शिपाई. वर कोळी, भुंगे, विंचू. आपण मुंग्यांची टोळी वर पाठवायची, तिने एखादा किडा मारून ओढून आणायचा, तो खाऊन राणीने अंडी घालायची, म्हणजे वारूळ वाढतं. किडा मारताना टोळीतल्या बऱ्याच मुंग्या मरतात. खेळ रचलाच तसा आहे. कॅम्पबॉस टोळी वर पाठवत आणि कोळी दिसला की माघारी बोलावत. त्यांचं वारूळ आखीव खणलेलं, कोठारं एका ओळीत, आणि राणी उपाशी. शेवटी ती मरायची. मग ते चष्मा काढून पुसायचे आणि नवं वारूळ सुरू करायचे.

हे सगळं ओमानच्या किनाऱ्यावरच्या दुक्ममधलं. मी तिथे एका कंत्राटी कंपनीच्या दवाखान्यात नर्स आहे. नवरा मस्कतला, वादी अदाई भागात. महिन्यातून एकदा मी बसने घरी जाते. बाकीचे दिवस समोर समुद्र, मागे वाळू आणि मध्ये पोर्टाकॅबिनच्या रांगा. त्या रांगांत जी माणसं राहतात त्यांची खोली, पाणी, मेस, एसी, भांडणं आणि साइटवर ने-आण करणाऱ्या गाड्या हे सगळं ज्याच्या अंगावर असतं तो कॅम्पबॉस. नावात बॉस आहे म्हणून कुणी दबत नाही. पाणी गेलं की पहिली शिवी त्यालाच. आमचे कॅम्पबॉस कुडाळकडचे. पन्नाशी ओलांडलेले, बुटके, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. कॅम्पातली मालवणी पोरं त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. मी मिरजेची. त्यांची बोली कळायला मला पहिले काही आठवडे गेले, आणि त्यांना माझा आवाज सहन करायला तेवढेच.

दवाखाना आणि कॅम्प ऑफिस यांच्यात एकच भिंत. संध्याकाळी बाह्यरुग्ण संपले की मी त्यांच्याकडे करक, म्हणजे दुधात उकळलेला कडक चहा प्यायला जाई, कारण मेसचा चहा पिण्यासारखा नसे. ते खेळत असत. मी नर्स आहे. पहिल्याच आठवड्यात मला राहवलं नाही.

"आबा, राणी मेली तर सगळंच संपतं. चार मुंग्या गेल्या तर चाळीस जगतील. पाठवा की."

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "त्या चार खंयच्यो, ता तुमी ठरवा."

मी पडद्याकडे पाहिलं. सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मी चहा संपवला आणि उठले.

लॅपटॉप त्यांच्या जावयाने टाकून दिलेला. त्यावर विंडोज हलत नव्हतं. जोजी म्हणून एक केरळी माणूस कंपनीचं नेटवर्क बघायचा. त्याने ते काढून लिनक्स घातलं आणि मशीन धावू लागलं. मुंग्यांचा खेळही त्यानेच भेट दिला. अडचण एकच, खेळ विंडोजसाठी बनवलेला. लिनक्सवर तो चालवायचा तर मध्ये एक दुभाषा लागतो, विंडोजची भाषा लिनक्सला समजावून सांगणारा. त्या प्रोग्रामचं नाव वाईन. "अंकल, वाईन डालेगा तो सब चलेगा," असं जोजी म्हणाला तेव्हा आबांनी आधी उठून दार लावून घेतलं होतं. आमचा कॅम्प कोरडा. खोलीत बाटली सापडली की घरचं तिकीट, आणि ती शोधून काढणं हे आबांचंच काम.

नाव कळल्यावर मात्र त्यांनी ते इमानाने शिकून घेतलं. पडद्यावर एक काळी खिडकी उघडते, तिच्यात आज्ञा टाइप करायची. आबा तिला काळी पाटी म्हणत. एका बोटाने एकेक अक्षर शोधून लिहीत आणि एंटर दाबण्यापूर्वी पुन्हा वाचून बघत. पाटीवर इंग्रजीत चुकांचा पूर आला की मोठ्याने, अडखळत, साइटवरची सूचना वाचावी तसा सगळा वाचून काढत. त्यांचा एक शोध होता. "सिस्टर, शेवटची वळ नुसती शिव्या देता. उपाय तिच्या वरच्या वळीत आसता." बहुतेक वेळा खरंही निघे. त्यांना सगळ्यात भीती अपडेटची. अपडेट आलं की कालचा चालता खेळ आज काळा पडे, नाहीतर मुंग्या दिसत पण माती दिसत नसे. "अपडेट म्हणजे सुधारणा नाय," ते म्हणत. "बदली. नवो सायब येता तसो."

ते हा खेळ का खेळतात हे मी एकदाच विचारलं. त्या दिवशी एक रंगारी झोपेत गेला होता, हृदयाने. माझे कागद झाले आणि मी आबांच्या मदतीला त्याच्या खोलीत गेले, सामान बांधायला. त्याच्या पेटीत घालायचे कपडे आबांनी आधी धुऊन वाळत टाकलेले होते. मी म्हटलं, कशाला, तसेच गेले असते. ते म्हणाले, घामाचे कपडे घरी पाठवायचे नाहीत, बायको उघडल्यावर पहिलं तेच हुंगते. मग संध्याकाळी पुन्हा ते लॅपटॉप उघडून बसले तेव्हा मला थोडा रागच आला. मी विचारलं, आज तरी कशाला?

"ह्या खेळात मेलेल्याचा सामान बांधूचा लागना नाय," आबा म्हणाले. "म्हणान लोकांका बरो वाटता. माका बघूचा हा, कोण एक नाय मरता खेळता येता काय."

"येतं का?"

"अजून नाय."

त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या तोंडावर नवे प्रोजेक्ट मॅनेजर आले. पुण्याचे, चाळिशीतले, हुशार. मराठी माणूस आला म्हणून पोरांनी आनंदाने जेवणात शिरा करवला. इथे उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम बंद ठेवायचा कायदा आहे. आबांची पद्धत अशी की दुपार झाली की कॅम्पच्या गाड्या साइटवर पाठवायच्या, माणसं खोल्यांवर आणायची, एसीत झोपवायची आणि सुट्टी पुरी संपल्यावरच परत सोडायची. मॅनेजरांचं म्हणणं, या येण्याजाण्यात वेळ जातो, माणसं सुस्तावतात. साइटवर पत्र्याची शेड बांधू, पंखे लावू, तिथेच विश्रांती. कायदा मोडत नाही. शेडमधली माणसं सुट्टी संपायच्या आधीच उठवून कामाला लावता येतात, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण ते सगळ्यांना कळत होतं.

मीटिंगला मीही होते. आबा उभे राहिले आणि शक्य तितक्या शुद्ध मराठीत म्हणाले, "साहेब, पत्र्याखाली माणूस शिजतो."

"पंखे आहेत ना आबा."

"पंखो गरम हवा फिरवता." शुद्ध मराठी संपली होती. "गाडये माझ्या अंगार आसत. माझ्या कागदार आसा तसा. मी पाठवतलंय."

कागद तसाच होता. गाड्या कॅम्पच्या ताब्यात, आणि कॅम्प आबांच्या. ते आहेत तोवर गाडी दुपारी जाणार आणि माणसं घेऊन येणार, हे त्या दिवशी खोलीतल्या सगळ्यांना समजलं. मॅनेजर हसले. "ठीक आहे, तुमचं राज्य," म्हणाले.

गाडी जात राहिली. माझ्या दवाखान्यात दुपारी चक्कर आलेली, उलट्या झालेली माणसं यायची ती मी आधी होते त्या साइटच्या मानाने फार थोडी. मी औषधं देते, सलाईन लावते, पण ही माझी करामत नव्हती, गाडीची होती. आबांना तसं सांगितलं तर म्हणाले, "मगे तुमका पगार कशाक देतत?"

जोजीची बदली सलालाला झाली. तो गेला आणि आठवड्याभरात एक अपडेट आलं. वाईन बसली ती उठेना. आबांनी शेवटची ओळ वाचली, तिच्या वरची वाचली, पाटी पुसली, पुन्हा लिहिली. मुंग्या येईनात. तेव्हा त्यांनी मालवणी पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप टाकला, स्वतःच्या आवाजात. मी तो नंतर इतक्या वेळा ऐकला की मला पाठ आहे. "अरे, माझ्याकडची वाईन बिघडलीहा. जुनी काडून टाकूची काय तिच्यातच नवी घालूची? कोणाकडे चांगली वाईन आसात तर सांगा रे. मुंग्यो उपाशी मरतत."

पोरं लोळून हसली. कॅम्पबॉसची वाईन बिघडली. एकाने तो निरोप दुसऱ्या ग्रुपवर टाकला, तिथून तो मेसमध्ये गेला, तिथून ड्रायव्हरांकडे. हिंदी भाषांतरासह फिरला. मुंग्या म्हणजे कॅम्पातली माणसं, असाही कुणी अर्थ लावला. मला हे सगळं कळलं ते सिक्युरिटीची दोन माणसं आबांच्या खोलीतून एक बाटली धरून बाहेर पडताना पाहिली तेव्हा. काळपट लाल, तळाला गाळ, बुचाला फडकं. एकाने नाकाला लावून बघितली होती आणि त्याचं तोंड वाकडं झालं होतं.

"काय आहे ते?" मी विचारलं.

"मॅडम, वाईन."

आबा दारात उभे होते. "आगळ आसा ता," ते म्हणाले. "कोकमाचा आगळ. तीन येळा सांगलंय."

मॅनेजरांनी आबांना लगेच निलंबित केलं आणि चौकशी होईपर्यंत गाड्या स्वतःकडे घेतल्या. मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, वाईन नावाचा प्रोग्राम आहे, ते त्याच्याबद्दल बोलत होते, खेळ मी रोज पाहते. ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "सिस्टर, प्रोसेस आहे. प्रोसेसमध्ये सांगा."

चौकशीला मस्कतहून एचआरचे ओमानी साहेब आले. भला माणूस. आधी सगळ्यांना खजूर आणि काहवा, इथली बिनदुधाची कॉफी, दिला, मग बाटली टेबलावर ठेवली. मला म्हणाले, तुम्ही मेडिकलच्या, टेस्ट करा. मी दवाखान्यातून ग्लास, पाणी आणि चमचा घेऊनच गेले होते. चमचाभर आगळ पाण्यात घातलं, ढवळलं आणि त्यांच्यासमोर पिऊन टाकलं. मग त्यांनाही करून दिलं. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाले, पोटाला चांगलं असणार. म्हटलं, आहे. बाटली आबांच्या पुढ्यात सरकवली गेली.

राहिला तो आवाजातला निरोप. आबा म्हणाले, दाखवतो. लॅपटॉप उघडला. काळी पाटी उघडली आणि एका बोटाने पहिला शब्द लिहिला तोच वाईन. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत, सगळ्यांना दिसेल असा. सिक्युरिटीच्या माणसाने मान डोलावली. आबांनी एंटर दाबलं. चुकांचा पूर आला. त्यांनी तो सवयीने मोठ्याने वाचायला घेतला. साहेब थांबले. पूर संपला, पडदा काळा राहिला. मुंगी एकही आली नाही.

"कुठे आहे खेळ?" साहेबांनी विचारलं.

"चलना नाय."

"का?"

"बिघडलीहा ना, सायब. बिघडलीहा म्हणान तर इचारल्लंय." मग त्यांनी तेच मोडक्या हिंदीत सांगितलं. वाईन खराब है, इसलिए पूछा. हिंदीत ते आणखी वाईट ऐकू आलं.

साहेबांनी मॅनेजरांकडे पाहिलं. तुम्ही इंजिनियर आहात, हे काय आहे?

मॅनेजर एक क्षणही थांबले नाहीत. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. लिनक्स काय, विंडोजचे प्रोग्राम त्यावर का चालत नाहीत, वाईन मध्ये काय करते. माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं. शेवटी म्हणाले, कॉलेजात असताना मीही वापरायचो.

 मी मराठीत विचारलं, "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"मला कुणी विचारलं नव्हतं, सिस्टर."

साहेबांचा चेहरा उजळला होता. "मा फी मुश्किला," ते आबांना म्हणाले. काही अडचण नाही. त्यांनी फाईल मिटायला घेतली. तेव्हा मॅनेजर म्हणाले, दारूचा विषय मिटला हे बरं झालं, पण आता हे रेकॉर्डवर आलं आहे की कॅम्प ऑफिसच्या नेटवरून परवानगीशिवाय प्रोग्राम उतरवले, ऑफिसात बसून खेळ खेळले. नियम सगळ्यांना सारखा. एवढं बोलून त्यांनी नियमाचं पान उघडून पुढे ठेवलं. खुणेची पट्टी आधीच लावलेली होती.

मी सांगितलं की ते संध्याकाळी खेळत. मॅनेजर म्हणाले, कॅम्पबॉसची ड्युटी चोवीस तास असते. हेही कागदावर होतं. साहेबांनी पान दोनदा वाचलं. आबांना विचारलं, खरं आहे का? आबा खोटं बोलले असते तर कदाचित वाचले असते. ते म्हणाले, हो.

त्यांचा करार तिथेच संपवला गेला. ओमानी साहेब जाताना आबांचा हात बराच वेळ धरून उभे होते. माझ्या मते त्यांना कळलं होतं काय झालं ते. पण कळून काही होत नाही, त्यांच्यासमोर पान होतं.

आबांच्या शेवटच्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेले. ते स्वतःची पेटी बांधत होते. सगळ्या किल्ल्या टेबलावर काढून ठेवलेल्या, प्रत्येकीला खोलीच्या नंबराची चिठ्ठी. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून मध्यभागी. मी म्हटलं, घरी कुणीतरी दुरुस्त करून देईल. ते म्हणाले, बघूया. मग बराच वेळ गाठ मारत राहिले.

"सिस्टर, गाडयेचा तेवडा..."

"आबा, माझ्या हातात दवाखाना आहे. गाडी नाही."

"व्हय. ता खरा." त्यांनी गाठ सोडली आणि पुन्हा मारली. "तरी तुमी मोठ्यान बोलतात. कोण आयकता काय बघा."

मी बोलले. मी मस्कतला मेल पाठवले, उष्णतेने आजारी पडणाऱ्यांचे आकडे पाठवले, शेडमधलं तापमान मोजून पाठवलं. उत्तरं आली. पंखे वाढवले, थंड पाण्याचे डबे ठेवले, शेडचे फोटो काढून गेले. कायदा कुठेच मोडत नव्हता. नवा कॅम्पबॉस आला, तिशीतला, सभ्य, मॅनेजरांनी आणलेला. गाडी सकाळी साइटवर जायची आणि संध्याकाळीच परत यायची. दुपारभर ती तिथे उभी, आणि जी माणसं शेडमध्ये मावत नाहीत किंवा ज्यांना पत्र्याची धग सोसत नाही, ती तिच्याखाली वाळूत निजलेली.

जुलैत एका दुपारी साइटवरच्या माणसांनी एक हेल्पर उचलून आणला. बिहारचा, विशीतला. त्याला घाम येणं थांबलं होतं आणि तो कुणालातरी दार उघडायला सांगत होता. मी बर्फ लावला, सलाईन लावलं, डॉक्टर धावत आले, रुग्णवाहिका आली. जे करायचं ते सगळं केलं, क्रमाने आणि वेळेत. संध्याकाळी हॉस्पिटलमधून फोन आला की गेला. मृत्यूचं कारण म्हणून काहीतरी हृदयाचं लिहिलं गेलं. ते चूक नव्हतं. शेवटी सगळ्यांचं हृदयच थांबतं.

मी कुडाळला फोन लावला. त्या मुलाला कॅम्पात आणून खोली देणारे आबाच होते, त्यांना कळायला हवं असं मला वाटलं. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मी नाव सांगितलं.

"डाव्या हातान जेवी तो?" आबा म्हणाले.

"हो."

"खोलयेत आणल्लो त्येका दुपारी?"

"नाही. शेडमध्ये होता."

 मला वाटलं रेंज गेली. मी दोनदा हॅलो म्हटलं.

"आयकतंय," ते म्हणाले. "सिस्टर, माका परत फोन करू नकात."

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. मी बरं म्हटलं आणि ठेवला. त्या उन्हाळ्यात आणखी दोघं तसेच गेले. मी फोन केला नाही.